धारोष्ण दूध प्यायले, आता काय करू?

डॉक्टर काकू,

मी एकतीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. पहिलंच बाळंतपण, आत्ता पंचविसावा आठवडा. सासर कऱ्हाडजवळच्या एका गावात. डोहाळजेवणाला गेले होते तेव्हा सासूबाईंनी 10, 11 आणि 12 जानेवारीला रोज सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध पेलाभर दिलं, न उकळता. गोड लागलं, मी आनंदानं प्यायले. परत आल्यावर न्यू जर्सीतल्या मोठ्या जाऊबाईंना कौतुकानं सांगितलं, तर त्या फोनवर ओरडल्याच. त्यांना गरोदरपणी तिथल्या डॉक्टरांनी कच्चं दूध, मऊ चीज, असं काय काय बंद केलं होतं, ‘लिस्टेरिया’ होतो म्हणून. मग मी रात्रभर वाचत बसले. गर्भपात, मेलेलं बाळ, मेंदूज्वर. आता झोप नाही. मला ताप नाही, काही त्रास नाही, बाळ छान हलतंय. तपासणी करून घेऊ का? खबरदारी म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स करू का? बाळाला आतल्या आत काही झालं असेल का? सासूबाईंना सांगायला गेले तर म्हणाल्या, ‘आमची पाच बाळंतपणं ह्याच दुधावर झाली.’

तेव्हापासून मी बाहेरचं सगळं बंद केलंय. रविवारी पूर्ण आठवड्याचं शिजवते, डबे भरून फ्रिजमध्ये ठेवते आणि शुक्रवारपर्यंत तेच खाते. ऑफिसात मायक्रोवेव्हला रांग असते म्हणून बहुतेक गारच. एवढं तरी सुरक्षित आहे ना? आणि गावाकडची दुसरी म्हैस व्यायलीय, पुढच्या आठवड्यात खरवस येणार आहे. खाऊ की नको?

– घाबरलेली होणारी आई, पुणे

*

अगं, दुधाचं वाचून माझ्या कपाळाला आठी पडली, पण रविवारच्या डब्यांचं वाचून मी खुर्चीत ताठ बसले. त्या डब्यांकडे येतेच. आधी तुला आज रात्री झोप लागावी म्हणून दोन उत्तरं देते. तपासणी नको आणि औषधही नको.

तुला ताप नाही, अंग दुखत नाही, जुलाब नाहीत. अशा बाईची तपासणी करून हाती काही लागत नाही. शौचाची केली, तर हा लिस्टेरियाचा जंतू कित्येक धडधाकट माणसांच्या पोटातून येऊन-जाऊन असतो. सापडला म्हणून आजार आहे असं होत नाही. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणीही इथे कामाची नाही. कुणी तरी ‘टॉर्च’, म्हणजे गरोदरपणातल्या काही ठरावीक संसर्गांची रक्ततपासणी, करून घे म्हणेल. त्या नेहमीच्या पॅनेलमध्ये लिस्टेरिया नसतोच, उगीच पैसे जातील आणि भलत्याच कशाचा तरी आकडा वर आला म्हणून आणखी चार रात्री जागशील. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 मध्ये नेमक्या तुझ्यासारख्या बायकांसाठी सूचना काढल्या. त्यात हेच आहे: संशयाचा पदार्थ पोटात गेला, पण लक्षण काही नाही, तर काहीही करायचं नाही, फक्त दोन महिने लक्ष ठेवायचं.

लक्ष ठेवायचं ते तापावर.

हा जंतू घाईत नसतो. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर दुसऱ्या दिवशी कळतं, तसं याचं नाही. पोटात गेल्यावर ताप यायला बहुधा दोन-चार आठवडे लागतात, क्वचित 70 दिवससुद्धा. म्हणून तर बायकांना आठवतच नाही काय खाल्लं होतं ते. तुझं शेवटचं दूध 12 जानेवारीचं. 70 दिवस म्हणजे 23 मार्च. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल कर. तोपर्यंत थर्मामीटर घरात हवा आणि तो चालू अवस्थेत हवा. (हे मुद्दाम लिहिते. निम्म्या घरांत थर्मामीटर असतो आणि त्यातली बॅटरी मेलेली असते.)

या मधल्या काळात ताप 100.6 फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा थंडी वाजून अंग ठणकायला लागलं, कंबर धरली, डोकं दुखलं, जोडीला एखाददुसरा जुलाब झाला, तर ‘बदलत्या हवेचा असेल’ म्हणून घरी बसू नकोस. आईमध्ये हा आजार अगदी साध्या फ्लूसारखा दिसतो, खरी गोम तिथेच आहे. दोन दिवसांत आईला बरंही वाटतं आणि जंतू मात्र वारेपर्यंत पोचलेला असतो. त्याच दिवशी तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि तोंडानं सांग: ‘मी कच्चं दूध प्यायले होते, अमुक तारखेला.’ आपल्याकडे गरोदर बाईला ताप आला की डॉक्टरांच्या डोक्यात डेंग्यू येतो, मलेरिया येतो, लघवीचा संसर्ग येतो, टायफॉइड येतो, आणि ते बरोबरच आहे, कारण बहुतेक वेळा त्यातलंच काहीतरी निघतं. लिस्टेरिया मनात यायचा तर तू सांगायला हवंस. आणि विनंती कर की अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, रक्त घ्या. रक्त काढलं की रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करता येतं. उलटा क्रम झाला तर जंतू सापडायची संधी बरीचशी गेली.

हे इतकं ठासून का सांगते? माझ्या हातून एकदा चुकलंय म्हणून. पंचवीसेक वर्षं झाली. सातव्या महिन्यातली बाई, 101 ताप, कंबर दुखतेय. लघवीचा संसर्ग समजून मी तिला सेफिक्झीमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि घरी पाठवलं. चौथ्या दिवशी ती कळा घेऊनच आली. पाणी हिरवं. इतक्या अपुऱ्या दिवसांच्या बाळानं पोटात शी केलेली सहसा दिसत नाही, तेव्हाच काहीतरी चुकतंय हे मला समजायला हवं होतं. बाळ सव्वा किलोचं, धाप लागलेली, अंगावर बारीक पुरळ. बाळाच्या रक्ताच्या कल्चरमध्ये काहीतरी वाढलं, पण लॅबमधल्या मुलानं ‘कातडीवरचा जंतू मिसळला असावा’ म्हणून सोडून दिलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली लिस्टेरिया आणि कातडीवरचे ते निरुपद्रवी जंतू दिसायला सारखेच. तिथल्या मॅडमनी पुन्हा बघितलं आणि मला रात्री फोन केला. तोवर बाळाच्या डॉक्टरांनी नशिबानं अँपिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू केलेलं होतं. दीड महिना पेटीत राहून बाळ घरी गेलं. त्या बाईनं मला कधी दोष दिला नाही. ती सेफिक्झीम मात्र माझ्या डोक्यातून गेली नाही.

कारण असं की सेफिक्झीम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन वगैरे जी ‘सेफ’नं सुरू होणारी औषधं आपल्याकडे तापाला सर्रास दिली जातात, त्यांचा लिस्टेरियावर परिणाम होत नाही. जन्मतःच तो त्यांना दाद देत नाही. त्याला लागतं जुनं, स्वस्त अँपिसिलिन, मोठ्या मात्रेत, शिरेतून, साधारण दोन आठवडे. गरोदरपणात ते बिनधोक आहे आणि वेळेवर सुरू झालं तर पोटातलं बाळ वाचतं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांग, दुसरा मार्ग आहे. म्हणूनच ‘खबरदारीचा कोर्स’ नको म्हटलं. केमिस्टकडून आणलेली गोळी बहुधा चुकीची असेल आणि पुढचं कल्चरही बिघडवील.

आता बाळाबद्दल. गरोदरपणात तुझं शरीर बाळाला परकं समजून हाकलून देऊ नये म्हणून प्रतिकारशक्तीचा एक भाग जरा नरम होतो. नेमका तोच भाग पेशींच्या आत लपणाऱ्या जंतूंना पकडतो आणि लिस्टेरिया असा लपणारा आहे. एका पेशीतून शेजारच्या पेशीत तो रक्तात न उतरताच सरकतो. त्यामुळे गर्भवतींना हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या दहापट धरतात. आणि एकदा झाला, तर चार-पाच जणींमागे एकीचं बाळ पोटात किंवा जन्मल्यावर दगावतं. हा आकडा तू त्या रात्री वाचला असणारच आणि तिथेच अडकली असशील. पण तो आकडा ज्यांना आजार झाला त्यांचा आहे, ज्या कच्चं दूध प्यायल्या त्यांचा नाही. सगळ्या अमेरिकेत, तेहतीस कोटी माणसांत, वर्षाला साधारण 1,600 जणांना हा आजार होतो असा तिथला सरकारी अंदाज बरीच वर्षं दिला गेला. त्यात गर्भवतींशी निगडित रुग्ण सातातला एक. तीन पेले दूध पिऊन तू ठणठणीत आहेस, तर काही झालेलं नसण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. तरीही बाळाची हालचाल एकदम मंदावली तर ताप नसला तरी फोन कर. हे कोणत्याही गरोदर बाईला सांगेन, दूध प्यायलेली असो वा नसो.

जन्मलेल्या बाळात हा दोन वेळांना दिसतो. एक, जन्मल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत: हे बाळ आईच्या पोटातच आजारी पडलेलं, बहुधा अपुऱ्या दिवसांचं, धाप लागणारं. दुसरा, एक आठवडा उलटल्यावर: पूर्ण दिवसांचं, गुटगुटीत, घरी गेलेलं बाळ अचानक दूध ओढेनासं होतं, किरकिरतं किंवा नुसतं पडून राहतं, तापतं किंवा गार पडतं. तो मेंदूज्वर असू शकतो. महिन्याच्या आतल्या बाळाचा ताप घरी निस्तरायचा नसतो, बाळंतिणीच्या खोलीत कितीही अनुभवी आज्या असोत.

दक्षिण आफ्रिकेत 2017 मध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. गाउटेंग प्रांतातल्या सरकारी रुग्णालयांत नवजात बाळं बघणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की लिस्टेरियाची बाळं नेहमीपेक्षा फारच जास्त येताहेत. ती एका मोठ्या साथीची पहिली घंटा होती. खाल्लेलं काय ते कुणाला सांगता येईना, कारण मधे आठवडेच्या आठवडे गेलेले. शेवटी जानेवारी 2018 मध्ये सोवेटोतल्या एका पाळणाघरातली मुलं जुलाबानं आजारी पडली आणि धागा सापडला: पोलोनी, म्हणजे गरिबाघरी पावात घालून खातात तो गुलाबी, शिजवलेला, थंडच खायचा मांसाचा रोल. मार्चमध्ये सरकारनं कारखाना जाहीर केला. तोवर आणि त्यानंतर मिळून 1,060 रुग्ण, 216 मृत्यू. रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक महिन्याच्या आतली बाळं. कारखान्यातून निघताना पाकीट सीलबंद, दुकानात फ्रिजमध्ये, घरी फ्रिजमध्ये. कुणीही ते ‘कच्चं’ म्हणणार नाही.

आणि इथे तुझे डबे येतात.

बहुतेक जंतू फ्रिजमध्ये झोपतात. लिस्टेरिया जागा असतो. 4 अंशांतसुद्धा तो हळूहळू वाढतो, आणि शेजारी स्पर्धेला कुणी नसल्यामुळे त्याचं आणखी फावतं. डीप फ्रीझरमध्ये वाढत नाही, पण मरतही नाही. 1981 मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागात 41 जणांना हा आजार झाला, त्यातले 34 गर्भवती आणि त्यांची बाळं. गुन्हेगार कोण, तर कोबीची कोशिंबीर! ज्या शेतातला कोबी, तिथल्या मेंढ्या याच रोगानं मेलेल्या, त्यांचं न कुजवलेलं खत कोबीला घातलेलं, आणि मग तो कोबी सगळा हिवाळा थंड कोठारात. जंतूला खत मिळालं, गारवा मिळाला आणि मुख्य म्हणजे वेळ मिळाला. हा अन्नातून पसरतो हे पहिल्यांदा पक्कं सिद्ध झालं ते त्या कोबीमुळे. (गंमत बघ, ज्या जोसेफ लिस्टरनं सर्जन लोकांना जंतू मारायला शिकवलं, त्याचंच नाव या जंतूला मिळालं.)

तू रविवारी शिजवतेस तेव्हा जंतू मरतो, यात शंका नाही. पण नंतर वाढायचा चमचा बदलतो, कोथिंबीर वरून पडते, झाकण फ्रिजच्या तळातल्या भाजीच्या कप्प्याला टेकतं. एवढं पुरतं. सोमवारी तो नगण्य असतो, शुक्रवारी तसा असेलच असं नाही, आणि तू तो गारच खातेस. म्हणजे बाहेरचं गरमागरम बंद करून घरचं पाच दिवसांचं थंड सुरू केलंस. आमच्या आज्या शिळं खाऊ नये म्हणत तेव्हा आम्हाला ती जुनाट कटकट वाटायची. फ्रिज आला आणि ‘शिळं’ हा शब्दच घरातून गेला. दोन दिवसांपेक्षा जुनं खाऊ नकोस. शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये घाल. खाताना मधोमध वाफ येईपर्यंत गरम कर, मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्यावर काढून ढवळून पुन्हा लाव, नाहीतर कडा उकळतात आणि मधे बर्फ. ऑफिसात रांग असेल तर रांगेतल्यांना पोट दाखव. सहाव्या-सातव्या महिन्यात पोटाचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.

बाकी जाऊबाईंची यादी तिकडची आहे, तिला इकडच्या स्वयंपाकघरात जशीच्या तशी चिकटवू नकोस. तिथे दूध पाकिटातून थेट पितात, मांसाच्या चकत्या थंड खातात. तुझ्या घरी दूध उकळतं, आमटी उकळते, भाकरी तव्यावरून ताटात येते. उकळलेल्या दुधाचं दही, ताक, लोणी, घरचं श्रीखंड, सगळं चालेल. चीजचे क्यूब आणि स्लाइस चालतील. हॉटेलातलं ब्री किंवा फेटा असलं मऊ चीज सॅलडवर चुरून आलं तर बाजूला कर. सुटं पनीर शिजवूनच. मोड आलेले मूग कच्चे नकोत, उसळ कर. कोशिंबीर नीट धुऊन, चिरून लगेच. गाडीवरचं कापलेलं कलिंगड नको, घरी अख्खं आणून काप. सत्यनारायणाच्या पंचामृतात बहुतेक ठिकाणी कच्चं दूध घालतात. तू कपाळाला लाव आणि सोड, किंवा पूजा घरची असेल तर उकळून गार केलेलं दूध घाल. देवाची तक्रार आलेली माझ्या ऐकण्यात नाही.

आता सासूबाई. त्यांनी तुला घरातलं सगळ्यात चांगलं म्हणून जे वाटतं ते दिलं, म्हशीखालून उठून पहिला पेला तुला. हे विसरून बोलायला गेलीस तर भांडण होणारच. ‘तुम्ही बाळाला धोक्यात घातलंत’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. ‘पाच बाळंतपणं’ या मुद्द्याला उत्तरही देऊ नकोस. त्याला उत्तर आहे, पण ते क्रूर आहे: त्या काळी पोटातून गेलेली लेकरं कुणी मोजत नसे, नजर लागली म्हणून संपायचं. ते त्यांनाही माहीत असेल. कदाचित त्यांच्याच घरातलं असेल.

त्याऐवजी मला पुढे कर. ‘डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूध हेच, म्हैस हीच, फक्त एक उकळी.’ उकळल्यानं दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं कुठं जात नाहीत. आणि एक गोष्ट विचार: म्हशींना मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा, घालता का? हल्ली तुमच्या भागात घरोघरी मुरघासाच्या बॅगा दिसतात. चांगला दाबलेला, आंबट वासाचा मुरघास उत्तम, पण हवा शिरून बुरशी आलेली बॅग म्हणजे लिस्टेरियाचं घरच. जनावराला गोल गोल फिरायला लावणारा रोग त्यातूनच होतो आणि दूधही दूषित होतं. शिवाय कच्च्या दुधातून ब्रुसेला नावाच्या दुसऱ्या जंतूचा न उतरणारा तापही येतो, तो गोठ्यात राबणाऱ्या माणसांना चांगला ठाऊक असतो. म्हशीच्या तब्येतीवरून बोलणं सुरू केलंस तर सासूबाई ऐकतील. सुनेच्या तब्येतीवरून केलंस तर त्यांना टोमणा वाटेल. मामंजी साठीच्या पुढचे असतील, कुणाला मधुमेह असेल, तर हा जंतू त्यांनाही गाठतो. म्हणजे उकळी एकट्या तुझ्यासाठी राहत नाही, घरासाठी होते.

राहिला खरवस. तो चिकाचा असला तरी वडीसारखा घट्ट होईपर्यंत वाफवलेला असतो, त्यामुळे कच्च्या दुधात त्याची गणना नाही. कऱ्हाडहून एसटीनं डबा तुझ्यापर्यंत येईस्तोवर चार-पाच तास जातील, म्हणून आल्या आल्या कुकरमध्ये शिट्टी न लावता पुन्हा दहा-पंधरा मिनिटं चांगली वाफ दे, आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, संपव. वेलदोड्यासोबत जायफळही असलं तर सासूबाईंना फोन करून सांग की छान झाला होता.